युक्रेनची सुधारित आणि जुगाडू चिलखती वाहनं गेममध्ये कशी आणायची

एमटी-एलबी हे बुटकं, सपाट पाठीचं, पट्ट्यांवर चालणारं सोव्हिएत काळातलं वाहन. ते खार्किवच्या ट्रॅक्टर कारखान्यात बनायचं. त्याच्या ठरलेल्या कामांपैकी एक म्हणजे एमटी-१२ ‘रापिरा’ ही १०० मिलिमीटरची रणगाडाविरोधी तोफ मागे जोडून ओढत नेणं. २०२२ नंतर युक्रेनच्या सैनिकांनी तीच तोफ उचलून त्याच वाहनाच्या पाठीवर बसवली. बैलाने ओढायची गाडी बैलाच्याच पाठीवर चढवावी, तसा हा प्रकार. पण ती तोफ गोळे टाकते आणि जागा बदलून निघूनही जाते.

अशी वाहनं ‘वॉर थंडर’सारख्या गेममध्ये यावीत म्हणून प्रस्ताव लिहिणारे, किंवा स्वतः थ्रीडी मॉडेल आणि मॉड बनवणारे बरेच मराठी खेळाडू मला माहीत आहेत. मेहनत भरपूर घेतात, पण बहुतेकांचं काम एकाच ठिकाणी अडतं. वाहन दिसायला हुबेहूब उतरतं आणि वागायला मात्र भलतंच होतं. जुगाड कसल्या तरी टंचाईतून जन्मतो. ती टंचाई आकड्यांत उतरली नाही तर मॉडेल म्हणजे जुन्या वाहनाला नवा रंग, एवढंच उरतं. म्हणून या लेखात प्रत्येक पायरीवर एक प्रश्न विचारला आहे: या वाहनाला काय जमत नाही?

पहिली पायरी: एकच वाहन, तेही नेमकं

‘युक्रेनचा सुधारित टी-६४’ अशी सुरुवात करू नका, कारण त्या नावाखाली निदान दोन वेगळे रणगाडे येतात.

एक टी-६४बीएम ‘बुलात’. हा २००० नंतरच्या दशकातला, वजन ४५ टनांच्या आसपास आणि कागदावर ८५० अश्वशक्तीचं इंजिन. दुसरा टी-६४बीव्ही, २०१७ सालचा नमुना. हा जुन्या टी-६४बीव्हीचाच स्वस्तात आणि झटपट केलेला कायापालट आहे. इंजिन तेच ७०० अश्वशक्तीचं ५टीडीएफ, वजन सुमारे साडेबेचाळीस टन. गनरला थर्मल, म्हणजे उष्णतेवरून चित्र दाखवणारी, दृष्टी मिळाली, रेडिओ डिजिटल झाला, उपग्रहावर चालणारं दिशादर्शन आलं. पण कमांडरच्या हाती रात्रीसाठी प्रकाश वाढवून दाखवणारं उपकरणच राहिलं. गेममध्ये याचा अर्थ सरळ आहे: रात्री किंवा धुरात गनर शत्रू शोधेल, कमांडरला तितकं दिसणार नाही. हा उणेपणा नोंदवा, कारण सुधारणेसाठी पैसा किती होता ते त्यातूनच कळतं.

माझ्या पहिल्या मोठ्या प्रस्तावात मी बुलातचं चिलखत आणि २०१७च्या नमुन्याची दुर्बीण एकाच रणगाड्याला दिली होती. दोन वेगळ्या गाड्यांचे फोटो एकाच फोल्डरमध्ये पडले होते, एवढंच कारण. तीन आठवड्यांचं काम पुसून पुन्हा करावं लागलं. तेव्हापासून प्रत्येक फोटोच्या फाइलच्या नावात वाहनाचा प्रकार, फोटोचं साल आणि ‘खात्री’ किंवा ‘शंका’ यांपैकी एक शब्द घालतो. शंकेचे फोटो वेगळ्या फोल्डरमध्ये जातात आणि त्यांवरून एकही आकडा काढायचा नाही.

निवड करताना वाहन कोणत्या घरातलं आहे तेही ठरवा. कारखान्यात झालेली सुधारणा, नव्याने बनवलेलं वाहन, आघाडीजवळच्या वर्कशॉपमधला जुगाड, आणि परदेशातून आलेल्या वाहनावर युक्रेनने चढवलेला साज, असे ढोबळ चार प्रकार पडतात. ‘बीटीआर-४’ हे आठ चाकांचं वाहन दुसऱ्या घरातलं. स्लोव्हेनियाने दिलेला एम-५५एस चौथ्या घराच्या उंबरठ्यावर उभा आहे, कारण टी-५५वर १०५ मिलिमीटरची पाश्चात्त्य तोफ बसवण्याचं काम स्लोव्हेनियानेच केलं होतं. अशा २८ गाड्या २०२२मध्ये युक्रेनला मिळाल्या. त्याला युक्रेनचा जुगाड म्हणणं चूक ठरेल.

आणि एकुलते एक नमुने? टी-६४च्या सांगाड्यावर जोड-२३ मिलिमीटर तोफांची दोन बुटकी शस्त्रघरं बसवलेला ‘आझोवेत्स’ दिसायला इतका वेगळा आहे की प्रत्येकाला तोच हवा असतो. हरकत नाही, पण तो प्रायोगिक नमुना आहे हे पहिल्या ओळीतच लिहा. रोजच्या लढाईत घासलेल्या वाहनाच्या शेजारी त्याला एकाच मापाने बसवू नका.

दुसरी पायरी: चिलखताच्या डब्या वाचायला शिका

टी-६४बीव्ही या नावातला ‘व्ही’ स्फोटक चिलखतासाठी आहे. रणगाड्याच्या अंगावर विटांसारख्या दिसणाऱ्या डब्या म्हणजे कोन्ताक्त-१. एका डबीत स्फोटकाच्या दोन चपट्या पट्ट्या. आकारयुक्त स्फोटकाची, म्हणजे चिलखत भेदायला धातूची बारीक धार सोडणाऱ्या गोळ्याची, तप्त धार डबीवर आदळली की पट्ट्या फुटतात, पत्रे उडतात आणि धार विस्कटते. धावत्या डार्टला, म्हणजे लांब सळईसारख्या गोळ्याला, त्या फारसं काही करत नाहीत.

‘निझ’ हे युक्रेनचं स्वतःचं चिलखत. नावाचा अर्थ सुरी, आणि कामही सुरीचंच. आत ओळीने मांडलेली लांबट स्फोटकं एकामागोमाग फुटून आडवी धार सोडतात आणि येणाऱ्या धारेला किंवा डार्टला बाजूने कापायला बघतात. म्हणजे दोन्ही प्रकारच्या माऱ्याविरुद्ध काहीतरी संरक्षण मिळतं. ‘ओप्लोत’ या युक्रेनच्या रणगाड्यावर याच कल्पनेचा दोन थरांचा ‘दुप्लेत’ आला.

गेममध्ये हा फरक चुकला की सगळंच चुकतं. निझला कोन्ताक्तचे आकडे दिले तर रणगाडा उगाच कमकुवत होतो, आणि कोन्ताक्तला निझचे आकडे दिले तर तो अभेद्य होऊन बसतो. फोटो पाहताना डबीची उंची, तिचे बोल्ट आणि दोन डब्यांमधली फट बघा. कोन्ताक्तच्या डब्या सुट्या, बसक्या आणि अंतराअंतरावर असतात. निझचे खोके मोठे असून एकमेकांना खेटून बसतात.

मग फोटोवर रेघ मारून मोजा: पुढच्या तिरप्या पत्र्यावर किती डब्या आहेत, टरेटच्या (तोफेच्या फिरत्या घराच्या) गालांवर किती, बाजूला किती, आणि कुठे मोकळं लोखंड दिसतं. ही मोकळी जागा मॉडेलमध्ये भरून टाकायचा मोह होतो, पण ती तशीच सोडा. तोफेच्या खोबणीजवळ आणि चालकाच्या झाकणाभोवती डबी बसतच नाही. अनुभवी खेळाडू तिथेच नेम धरतो.

तिसरी पायरी: फोटोतून माप काढणं

जुगाडी वाहनाचं ब्लूप्रिंट नसतं, पण ज्या सांगाड्यावर ते उभं आहे त्याचं माप असतं. एमटी-एलबीची लांबी ६.४५ मीटर आणि उंची साधारण १.८६ मीटर.

बरोबर बाजूने काढलेला फोटो घ्या. समजा त्यात वाहनाची लांबी १२९० पिक्सेल भरली. म्हणजे एक पिक्सेल अर्धा सेंटिमीटर. वाहनाच्या नाकापुढे नळी ४२० पिक्सेल आली असेल, तर ती २ मीटर १० सेंटिमीटर बाहेर आहे. या पद्धतीला एकच पथ्य: मोजायची वस्तू आणि मापाची वस्तू कॅमेऱ्यापासून सारख्या अंतरावर हवी. वाहन जरा तिरकं उभं असलं तरी हिशेब बिघडतो. तिरक्या फोटोत दोन्ही बाजूंची चाकं सारख्या आकाराची दिसत नाहीत, त्यावरून तो लगेच ओळखू येतो. असा फोटो मापासाठी बाद, पण तपशिलासाठी ठेवा.

ज्यांना जमेल त्यांनी एकदा अहिल्यानगरचं रणगाडा संग्रहालय गाठावं. तिथे युक्रेनची वाहनं बघायची नाहीत. सेंच्युरियन, विजयंता, पॅटन यांच्याजवळ उभं राहून झाकणाचं तोंड किती अरुंद असतं, चाक कमरेच्या किती वर येतं, नळीची जाडी पंज्यात मावते की नाही, हे अंगाने समजून घ्यायचं. पडद्यावर वर्षानुवर्षं रणगाडे चालवणाऱ्यालाही तिथे गेल्यावर आपल्या मॉडेलमधली झाकणं मोठी झाल्याचं कळतं.

चौथी पायरी: वजन, ताकद आणि धक्का

पाठीवर रापिरा घेतलेल्या एमटी-एलबीकडे परत येऊ. सगळ्यात जास्त वेळ या पायरीला द्या, कारण वाहनाचा स्वभाव इथे ठरतो.

एमटी-१२ तोफेचं वजन सुमारे ३१०० किलो. एमटी-एलबी स्वतःच्या अंगावर २००० किलो वाहून नेण्यासाठी बनलेलं आहे. ओढायचं असेल तर साडेसहा टनही चालतात, पण पाठीवरचा भार वेगळा. म्हणून तोफेची चाकं जातात, लांब पाय जातात किंवा कापले जातात, आणि उरलेला भाग वेल्डिंग करून छतावर बसतो. तरीही वजन मर्यादेच्या काठावर किंवा थोडं पुढेच राहतं. वर गोळे आणि माणसं आलीच.

मूळ वाहनाचं लढाऊ वजन ११.९ टन आणि इंजिन २४० अश्वशक्तीचं. म्हणजे टनाला साधारण २० अश्वशक्ती. तुमच्या हिशेबाने वाहन १३ टनांवर गेलं असेल तर हाच आकडा १८.५वर येतो. सपाट रस्त्यावर हे फार जाणवणार नाही, चिखलाच्या चढावर जाणवेल. मूळ एमटी-एलबी पाण्यावर तरंगतं. इतकं वजन इतक्या उंचीवर गेल्यावर तरंगण्याची क्षमता मॉडेलमधून काढून टाका. नदी ओलांडू शकणारा तोफखाना म्हणून हे वाहन लोकप्रिय करायचा मोह टाळाच.

आता धक्का. रापिराचा स्फोटक गोळा सुमारे १६.७ किलोचा, आणि नळीतून सुटताना वेग सेकंदाला ७०० मीटर. गुणाकार केला की संवेग सुमारे ११,७०० किलोग्रॅम-मीटर प्रति सेकंद. डार्टचा वेग सेकंदाला १५७५ मीटर, पण वजन पाच-साडेपाच किलोच, म्हणून संवेग आठ-साडेआठ हजारांच्या आसपास. नळीतला वायू आणि मझल ब्रेक (नळीच्या तोंडावरचा, धक्का कमी करणारा भाग) यांचा हिशेब बाजूला ठेवला, तरी एक गोष्ट लक्षात येते: वेगवान डार्टपेक्षा सावकाश स्फोटक गोळा वाहनाला जास्त ढकलतो. बरेच मॉडेल करणारे इथे नेमकं उलटं करतात.

हा ११,७००चा धक्का १३ टनांच्या मोकळ्या वाहनाला सेकंदाला सुमारे ०.९ मीटर वेग देईल. प्रत्यक्षात रिकॉइल यंत्रणा, म्हणजे नळीला मागे सरकू देणारी यंत्रणा, तो धक्का लांबवते आणि पट्टे जमीन धरून ठेवतात, त्यामुळे वाहन घसरण्याऐवजी डोलतं. तोफ छताच्या वर आहे, म्हणून धक्का उंचावर बसतो आणि नाक वर उचललं जातं. नळी आडवी वळवून डागली तर वाहन बाजूला झुकतं. गेमच्या फिजिक्समध्ये हे डोलणं थांबायला जो वेळ लागतो, तोच पुढच्या नेमाचा खरा वेळ. गोळा भरायला किती सेकंद लागतात हा आकडा त्याच्या मागे येतो.

गोळा भरतानाही माणूस चिलखताच्या आत नाही. तो छतावर, उघड्यावर उभा आहे. जमिनीवर ही तोफ मिनिटाला सहा नेमके गोळे टाकू शकते. अरुंद छतावर खालून गोळा हातोहात वर येणार असेल तर मी बारा सेकंदांच्या खाली जाणार नाही. नळी २० अंशांपर्यंत वर आणि ६ अंशांपर्यंत खाली जाते, आणि तोफेच्या स्वतःच्या चाकांच्या गाड्यावर डावी-उजवीकडे मिळून ५४ अंश फिरते. ३६० अंश फिरणारी टरेट देऊन टाकू नका. खाली झुकण्याचे सहा अंशही वाहनाचं छत आडवं आलं तर कमी होतात. ते तुमच्या मॉडेलमध्ये नळी फिरवून बघा आणि जिथे टेकते तिथे थांबवा.

या जोडणीतला बराचसा मारा सरळ रेषेत नव्हे, तर कमानी मारून होतो. स्फोटक गोळा ८ किलोमीटरच्या थोडा पुढे जातो. म्हणून हे वाहन रणगाडे फोडणारा शिकारी म्हणून विकण्यापेक्षा टेकडीमागून गोळे टाकून पळणारं म्हणून लिहा. तेच त्याचं रोजचं आयुष्य आहे.

पाचवी पायरी: शस्त्रांच्या जुळ्या बहिणी

बीटीआर-४च्या शस्त्रघरात ३० मिलिमीटरची झेडटीएम-१ तोफ असते. ती सोव्हिएत २ए७२ची युक्रेनमध्ये बनवलेली बहीण. बीएमपी-२ या सोव्हिएत चिलखती वाहनावर असते ती २ए४२. दोघी तेच काडतूस खातात, म्हणून लोक त्यांना एकच समजतात. पण २ए४२ झपाट्याने मिनिटाला साडेपाचशेच्या वर गोळ्या सोडू शकते, तर २ए७२ साधारण ३३०च्या आसपास राहते. शिवाय डागताना तिची नळी लांब मागे-पुढे सरकते, त्यामुळे गोळ्या जास्त पसरतात. बीटीआर-४ला बीएमपी-२चा वेग दिला तर ते गेममध्ये दुप्पट मारक ठरेल, आणि महिन्याभराने कोणीतरी त्याची श्रेणी इतकी वर नेईल की ते खेळण्यासारखंच राहणार नाही.

त्याच शस्त्रघरावर कीवच्या ‘लुच’ संस्थेचं ‘बार्येर’ क्षेपणास्त्र येतं. मारा पाच किलोमीटरच्या आसपास, मार्गदर्शन लेझरच्या किरणावरून. क्षेपणास्त्र त्या किरणावर स्वार होऊन जातं, म्हणून गनरला शेवटपर्यंत नेम धरून ठेवावा लागतो. गेममध्ये आधीच असलेल्या किरणस्वार क्षेपणास्त्राचं वागणं उचला. डागून विसरून जायचं क्षेपणास्त्र हे नाही.

ओप्लोतसाठी इंजिनाचे आकडे शोधणाऱ्यांना एक वाट सांगतो, ती आपल्या शेजारून जाते. पाकिस्तानने १९९६च्या करारातून खार्किवचे ३२० टी-८०यूडी रणगाडे घेतले आणि पुढे स्वतःच्या अल-खालिद रणगाड्यामध्ये खार्किवचंच १२०० अश्वशक्तीचं ६टीडी-२ इंजिन बसवलं. टी-८०यूडीच्या खरेदीनंतर भारताने रशियाच्या टी-९० रणगाड्याकडे मोर्चा वळवला आणि २००१मध्ये त्याचा करार झाला, म्हणून या रणगाड्यांवर आपल्याकडेही पुष्कळ उघड लिखाण झालं. ओप्लोतचं इंजिन त्याच घराण्यातलं आहे. थायलंडने ४९ ओप्लोत घेतले, तिथल्या संचलनाचे स्वच्छ फोटोही मिळतात. युद्धातल्या धुळकट फोटोंपेक्षा मापासाठी ते कितीतरी बरे.

सहावी पायरी: डोक्यावरची शेगडी

ड्रोनपासून वाचण्यासाठी टरेटवर अँगल आणि जाळीचा जो मांडव चढतो, त्याला तिकडे ‘मांगाल’ म्हणतात, म्हणजे मांस भाजायची शेगडी. युक्रेनने टी-६४वर तर तो चढवलाच, पण एम१ए१ अॅब्रम्सवर आणि लेपर्डवरही चढवला. शिवाय त्या पाश्चात्त्य रणगाड्यांच्या अंगावर सोव्हिएत कोन्ताक्त-१च्या डब्याही बसवल्या. जर्मन रणगाड्यावर सोव्हिएत डबी, हे एकच चित्र या युद्धाबद्दल खूप काही सांगतं.

मॉडेल करताना जाळीला चिलखताची जाडी देऊ नका. तिचं काम ड्रोनला आधीच फोडणं किंवा अडकवणं. त्यातही धार पुढे जाऊ शकते, म्हणून हा बचाव संभाव्यतेवर ठेवा. आणि जाळीची किंमत वसूल करा: वाहनाची उंची वाढते, झाडीत लपणं अवघड होतं, कमांडरच्या दुर्बिणीसमोर गज येतात, छतावरची मशीनगन मोकळी फिरत नाही, झाकण पूर्ण उघडत नाही. जळत्या रणगाड्यातून बाहेर पडायला दोन सेकंद जास्त लागणं म्हणजे काय, याचा विचार करून हा भाग बनवा.

सातवी पायरी: काय वापरायचं नाही

लष्करी गेमच्या वादात जिंकण्यासाठी खेळाडूंनी गोपनीय कागद टाकल्याचे प्रकार झाले आहेत. २०२१मध्ये ब्रिटिश चॅलेंजर-२ आणि फ्रेंच लक्लेर या रणगाड्यांच्या बाबतीत हे घडलं. असा कागद कुठून मिळाला तरी उघडू नका, पुढे पाठवू नका. गेम बनवणारेही तो स्वीकारत नाहीत. आपल्या घरात कोणी फौजेत असेल तर त्याच्या युनिटमधला फोटो ‘फक्त मापासाठी’ म्हणून मागणंही त्याला अडचणीत आणू शकतं. आपल्याकडे १९२३चा शासकीय गुपिते कायदा आजही लागू आहे.

दुसरं पथ्य त्याहून महत्त्वाचं. युक्रेनमधल्या वर्कशॉपच्या फोटोंवरून ती जागा कुठे आहे हे शोधायच्या फंदात पडू नका, शोधलं तरी लिहू नका. भिंतीवरची पाटी, मागची चिमणी, युनिटचं चिन्ह हे सगळं तुमच्या मॉडेलला निरुपयोगी आहे, पण तिथे वेल्डिंग करणाऱ्याच्या जिवावर बेतू शकतं. प्रस्तावात फोटो लावण्याआधी पार्श्वभूमी कापा आणि चेहरे झाका.

आठवी पायरी: चालवून बघा

आकडे भरून झाले की मॉडेल चाचणीच्या मैदानावर न्या. आधी चढ, मग चिखल, मग नळी आडवी करून एक स्फोटक गोळा. डोलणं थांबेपर्यंतचे सेकंद मोजून लिहून ठेवा.

टी-६४ असेल तर आणखी एक चाचणी घ्या. त्याचा मागे जायचा वेग ताशी चार-पाच किलोमीटरच आहे, जेमतेम माणसाच्या चालीइतका. सुधारणांमध्ये दुर्बीण बदलली, रेडिओ बदलला, अंगावरच्या डब्या बदलल्या, पण रिव्हर्स गिअर तसाच राहिला. शंभर मीटर अंतरावर एक भिंत ठेवा, शत्रूकडे तोंड करून उभे राहा आणि गोळा डागून सरळ मागे त्या भिंतीच्या आड या. ताशी साडेचार किलोमीटरने ८० सेकंद लागतात. घड्याळ लावून पाहा. पन्नासच सेकंद लागले तर गिअरचा आकडा पुन्हा तपासा.